उलटे आटे

आमच्या खिडकीत एक लोखंडी वाटी पडून आहे. हाताच्या तळव्यात मावेल एवढी. एका बाजूने पोकळ, दुसऱ्या बाजूला मध्यभागी सात दात्यांची छोटी चक्री. दाते झिजलेत, आणि वाटीच्या कडेला निळसर-जांभळी झाक आहे, पेट्रोल सांडलेल्या पाण्यावर दिसते तशी. मुलगी दर आठवड्याला विचारते, "अब्बा, हे भंगारात कधी देणार?" मी म्हणतो, देऊ. अजून दिलेली नाही. का दिलेली नाही, ते आज लिहितो.

ही वाटी म्हणजे चेनसॉचा क्लच ड्रम. आमच्याकडे चेनसॉ कोणी म्हणत नाही, सगळे 'कटर'च म्हणतात. मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीजवळ आमचं गाव आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं आणि आमच्यावरून गेलं. लॉकडाऊन चालू होताच. संध्याकाळी बाहेर आलो तर गाव ओळखू येत नव्हतं. पन्नास-साठ वर्षांची रायवळ आंब्याची झाडं मुळासकट आडवी झालेली, फणस कौलांवर, पोफळी मधूनच मोडलेल्या, रस्ता तर दिसतच नव्हता. कुऱ्हाड आणि करवत घेऊन माणसं किती कापणार? तेव्हा मोहल्ल्याने वर्गणी काढली. मुंबईहून आली, कुवैतहून आली, ज्यांचं स्वतःचं छप्पर उडालं होतं त्यांनीही शंभर-दोनशे दिले. त्या पैशातून ५८ सीसीचा एक कटर घेतला. मास्तर म्हणून हिशोबाची वही माझ्याकडे आली, ती आजही माझ्याकडेच आहे.

कटर चालवायला पुढे आला तो माझा एक जुना विद्यार्थी. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. आमच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. हा मुलगा दहावीला मराठीत नापास झाला होता. मार्क २९. बाकी सगळ्या विषयांत कसाबसा सुटला, माझ्या विषयात अडकला. नंतर त्याने परीक्षा दिलीच नाही. एकदा वर्गात मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "तुझ्या हातून एक सरळ वाक्य लिहून होत नाही, तू पुढे काय करणार?" हे वाक्य मी विसरलो असतो, पण पुढे जे झालं त्यामुळे ते राहून राहून आठवतं.

वादळानंतरचे दोन महिने तो मुलगा रोज उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत झाडं कापत होता. आधी मोहल्ला, मग रस्ता, मग शेजारची कुणबीवाडी, मग बौद्धवाडी. तेव्हा एक पैसा घेतला नाही. पुढच्या वर्षीपासून मोहल्ल्याने ठरवलं की विधवा, म्हातारी माणसं आणि गावकीची कामं फुकट. बाकीच्यांकडून मजुरी घ्यायची, निम्मी त्याची आणि निम्मी कटरच्या खात्यावर. त्यातून पेट्रोल, टू-टी ऑईल, चेन. लाकडांच्या मोसमात त्याचं घर यावर चालायचं.

पाच पावसाळे कटर चालला. गेल्या गणपतीच्या सुमाराला तक्रार सुरू झाली. इंजिन मोठ्याने ओरडायचं, पण बार लाकडात टेकवला की चेन थांबायची. जोर केला की जळका वास. नवीन चेन टाकून झाली होती, तरी तेच. मग ती नवीन चेनसुद्धा महिन्याभरात सैल पडली, सारखी ताणावी लागायची.

जमातखान्याच्या ओट्यावर बैठक बसली. एक बुजुर्ग म्हणाले, "बाहेरची कामं घेऊन घेऊन याने मशीन मारलं. मोहल्ल्याचा माल आहे, कोणाच्या बापाचा नाही." दुसरे म्हणाले, धार न लावता रेटत असेल. तिसऱ्यांनी विचारलं, "चार महिन्यांत दोन चेनी कशा लागल्या, मास्तर, वहीत बघा." मी वही उघडली. चेनी दोन लिहिलेल्या होत्याच. मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "झालं असेल माझ्याकडून." एवढंच. त्याच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली. कटर विकून टाकायचा की दुरुस्त करायचा, ते नंतर बघू असं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तो चिरेखाणीवर भरणीच्या कामाला जायला लागला.

त्या बैठकीत मी गप्प बसलो. मला दोन गोष्टी माहीत होत्या आणि दोन्ही बोललो नाही.

पहिली गोष्ट अशी. पहिली नवीन चेन घेतली तेव्हा तो माझ्याकडे आला होता. म्हणाला होता, "सर, चक्रीपण बदलायला पाहिजे. जुन्या चक्रीवर नवीन चेन टिकत नाही." मी किंमत विचारली. ड्रमसकट साडेतीनशे. मी म्हणालो, "आधी चेन बघू, चक्रीला काय होतंय, लोखंड आहे ते." वहीत साडेतीनशे रुपये वाचवले.

दुसरी गोष्ट जुलैमधली. सकाळी शाळेच्या रस्त्यावर अकेशिया आडवा पडला होता. मुलांची गाडी पलीकडे अडकलेली. तो मुलगा त्या दिवशी महाडला गेला होता. खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. मी म्हटलं, लांबून इतक्या वेळा बघितलंय, त्यात काय. दोरी ओढली, सुरू झाला. रेस दिली तर चेन जागची हलेना. मला वाटलं, पावसाची ओल आहे, गरम झाला की फिरेल. आणखी रेस दिली. चांगली दाबून धरली. मिनिटभर, कदाचित जास्त. बाजूच्या कव्हरमधून धूर यायला लागला. गाडीचा ड्रायव्हर ओरडला, "मास्तर, पुढचा दांडा मागे घ्या!" मी दांडा मागे ओढला आणि चेन फिरायला लागली. झाड कापलं, रस्ता मोकळा झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. कटर पुसून जागेवर ठेवला. कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही झालंय असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

बैठकीनंतर कटर माझ्या पडवीत आणून ठेवला. महाडला एका दुकानात दाखवला तर दुकानदार न उघडताच म्हणाला, "यात जीव नाही, नवीन घ्या." मी नवीन ड्रम आणि चेन तेवढी विकत घेतली आणि परत आलो. ठरवलं की आपणच बदलू. पैसे वाचतील, आणि खरं सांगायचं तर ज्याने बिघडवलं त्याने गुपचूप दुरुस्त केलं की विषय मिटेल, असा माझा हिशोब होता.

रविवारी सकाळी पडवीत वर्तमानपत्र पसरून बसलो. आधी प्लगची टोपी काढली, म्हणजे चुकून सुरू होणार नाही. बाजूच्या कव्हरचे दोन नट काढले, कव्हर निघालं, बार आणि चेन निघाली. आत भुसा आणि तेल यांचा चिखल झाला होता. तो चमच्याने खरवडला. मग दिसला क्लच, आणि त्याच्या मागे हा ड्रम. काही कटरमध्ये ड्रम बाहेरच्या बाजूला असतो. तिथे एक छोटी क्लिप काढली की तो हातात येतो. आमच्यात क्लच बाहेर आणि ड्रम आत. म्हणजे क्लच खोलल्याशिवाय ड्रमला हात लागत नाही.

मी क्लचवर छिन्नी टेकवली आणि हातोडीने डावीकडे फिरवायला लागलो, सगळे नट खोलतो तसा. हलेना. जोरात मारली. तरी हलेना. क्लच अडकवायला काय करायचं माहीत नव्हतं, म्हणून मधल्या दांड्याला पक्कड लावायचा विचार करत होतो. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "ज्याला येतं त्याला बोलवायला लाज वाटते का?" तिला काही माहीत नव्हतं. तिने सहज म्हटलं होतं.

मुलाला पाठवून त्याला बोलावलं. तो खाणीवरून आलेला, अंगावर लाल धूळ. पडवीच्या पायरीवर चपला काढल्या, "सर" म्हणून सलाम केला आणि आधी माझ्या हातातली छिन्नी काढून घेतली. मग एका चिंधीला पेट्रोल लावून क्लचचा दर्शनी भाग पुसला. काळा थर निघाला आणि खाली कोरलेला बाण दिसला, त्याच्याजवळ इंग्रजीत 'ऑफ' असं लिहिलेलं. बाण उजवीकडे.

"उलटे आटे आहेत सर. खोलायला उजवीकडे, आवळायला डावीकडे."

वर्गात मी दर परीक्षेआधी मुलांना सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. इथे प्रश्नाबरोबर उत्तरही लोखंडात कोरलेलं होतं आणि मी पुसून बघितलंही नव्हतं.

मी विचारलं, उलटे का? त्याने हाताने फिरवून दाखवलं. इंजिन ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला साधे आटे काम करता करता सुटत गेले असते. उलटे असले की जितकं काम होईल तितका क्लच आणखी घट्ट बसतो. "म्हणून तुम्ही मारत होता ना, ते तुम्ही आवळत होता," तो म्हणाला. हसला नाही. शिकवताना मी हसलो असतो.

मग त्याने प्लग काढला. स्टार्टरच्या जुन्या दोरीचा तुकडा खिशातून आणला होता. दोरी हळूहळू उचलून बघितली, पिस्टन कुठे आहे त्याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, पिस्टन वर येताना सायलेन्सरकडचं भोक झाकलं गेलं पाहिजे, त्यानंतरच ही दोरी प्लगच्या भोकातून आत सोडायची. आधी सोडली तर दोरी भोकात अडकून कापली जाते आणि पिस्टनला इजा होते. दोरीचा गुंता आत बसला की पिस्टन वर जाऊ शकत नाही, म्हणजे दांडा फिरत नाही, म्हणजे क्लच खोलता येतो. पिस्टनला मऊ दोरीचा आधार, लोखंडाचा नाही. दोरीच्या बाहेरच्या टोकाला त्याने मोठी गाठ मारली होती, ती आत जाऊ नये म्हणून, आणि काढायची राहू नये म्हणूनही.

क्लच खोलायला त्याच्याकडे वेल्डरकडून करून घेतलेला पाइपचा तुकडा होता, टोकाला दोन खुंट्या. तो बसवला, पाना लावला, उजवीकडे एक झटका दिला. सुटला. माझी पाऊण तासाची हातोडी आणि त्याचा एक झटका.

क्लच हातात घेऊन त्याने मला समजावला. त्यात तीन क्लच-शू असतात, स्प्रिंगने मध्याशी बांधलेले. इंजिन हळू फिरतं तेव्हा ते आत मिटलेले असतात, ड्रमला शिवत नाहीत, म्हणून कटर नुसता सुरू असला तरी चेन थांबलेली असते. रेस दिली की फिरण्याच्या जोराने ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात. मग ड्रम फिरतो, ड्रमबरोबर चक्री फिरते, चक्री चेन ओढते. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यातल्या खुर्च्या वेग वाढला की बाहेर जातात, तसंच. स्प्रिंग तुटली तर कटर नुसता सुरू असतानाही चेन फिरत राहते, म्हणजे धोका. त्याने तिन्ही स्प्रिंग बघितल्या, चांगल्या होत्या. शू गुळगुळीत झाले होते, पण जाडी शिल्लक होती.

मग ड्रम काढला. त्यातलं सुयांचं छोटं बेअरिंग बाहेर काढून चिंधीवर ठेवलं. आणि ड्रम उजेडात धरला.

आधी त्याने चक्री दाखवली. प्रत्येक दात्यावर चेनने खाच पाडली होती. नवीन ड्रम शेजारी धरला तेव्हा फरक कळला. तो म्हणाला, नखाला खाच लागली की समजायचं, अर्धा मिलिमीटर खोल गेली की चक्री बाद. चेनच्या कड्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, आमच्या चेनचं माप ०.३२५ इंच. झिजलेल्या दात्यांवर ते अंतर जुळत नाही. कडी नीट बसत नाही, घसरते, आपटते, आणि नवीन चेन जुन्या चक्रीच्या मापाने ताणली जाते. म्हणून दोन चेनींमागे एक चक्री बदलावी. आम्ही पाच वर्षांत किती चेनी बदलल्या ते माझ्या वहीत होतं. चक्री एकही नाही.

मला गणित आवडतं, म्हणून मी तिथेच वर्तमानपत्राच्या कडेला मांडलं. चक्रीला दाते सात. चेनला ड्राइव्ह लिंक, म्हणजे आतल्या बाजूच्या टोकदार कड्या, ७२. एका फेरीत चक्री सात कड्या पुढे ढकलते, म्हणजे चेन साधारण साडेअकरा सेंटिमीटर सरकते. इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्या फिरलं तर सेकंदाला दीडशे फेऱ्या. म्हणजे चेन सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते, आमच्या शाळेच्या दोन वर्गांएवढी. आणि ७२ला सातने भाग जात नाही. त्यामुळे दर फेरीला दाता आणि कडी यांची जोडी बदलते, आणि एक खराब दाता आज ना उद्या प्रत्येक कडीला भेटून येतो. मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "म्हणजे सर, एकाचा दोष बहात्तर जणांना."

मग त्याने ड्रमची दुसरी बाजू वर केली आणि त्याचा चेहरा बदलला. निळा रंग. त्याने अंगठ्याने घासून बघितलं. निघत नव्हता. निघणार नव्हताच. पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत तापलं की असं निळं पडतं, तो वरचा डाग नसतो. आतल्या बाजूला केसाएवढी बारीक चीरही गेली होती.

"हे नुसत्या कामाने होत नाही," तो म्हणाला. "एक तर धार नसताना खूप दाबलं, चेन थांबली आणि रेस तशीच धरली. नाहीतर ब्रेक लावलेला असताना रेस दिली. ब्रेकचा पट्टा ड्रमला बाहेरून धरतो, शू आतून फिरवायला बघतात, मधल्या मधे ड्रम भाजतो." थोडा थांबला. "माझ्याकडूनच झालं असणार सर. श्रावणात एकदा फणसाच्या बुंध्यात अडकला होता, तेव्हा मी थोडी रेस धरली होती. मला वाटतं तेव्हाच. बैठकीत ते बरोबर बोलले."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. बैठकीत तो जे म्हणाला होता, "झालं असेल माझ्याकडून", ते मी त्याचं नमतं घेणं समजलो होतो. तसं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. दीड महिना खाणीत चिरे उचलताना हा मुलगा स्वतःला दोषी मानत होता. आणि मी, ज्याच्याकडे खरी माहिती होती, ड्रम गुपचूप बदलून विषय मिटवणार होतो. ड्रम बदलला असता, विषय त्याच्या नावावर राहिला असता.

उर्दूच्या तासाला मी मुलांना 'शहादत' या शब्दाचा अर्थ शिकवतो. मुलांना त्याचा एकच अर्थ माहीत असतो, जीव देणं. मी सांगतो, बाळांनो, मूळ अर्थ साक्ष देणं. आणि आपल्याला शिकवलंय की साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी द्यायची. फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहून शिकवतो. वर्षानुवर्षं शिकवतोय.

मी त्याला सांगितलं. जुलैची सकाळ, अकेशिया, धूर, ड्रायव्हरचं ओरडणं. साडेतीनशे रुपयांचंही सांगितलं, ते तर त्याला माहीतच होतं. तो ऐकत होता, हातात ड्रम फिरवत. मला वाटलं रागावेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या सर. दोन्ही म्हणाला नाही. म्हणाला, "मग हे बैठकीत सांगा सर."

"सांगतो," मी म्हणालो.

"घरी अम्मीलापण तेच वाटतं, की मीच केलं," तो म्हणाला, आणि बेअरिंग पेट्रोलमध्ये धुवायला लागला.

पुढचं काम आम्ही फारसं न बोलता केलं. नवीन ड्रम जुन्यावर टेकवून मापं जुळवली. दाते सात, वाटीची रुंदी तेवढीच, मधलं भोक तेवढंच. बेअरिंगच्या सुयांमध्ये बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. जास्त नाही, कारण जास्तीचं ग्रीस उडून शूवर गेलं की क्लच पुन्हा घसरतो. शूवरून पॉलिश पेपर हलका फिरवला आणि कोरड्या चिंधीने पुसले. ड्रम बसवताना त्याने माझा हात धरून दाखवलं. मागे तेलाच्या पंपाचं छोटं चक्र असतं, त्यात ड्रमची खाच बसली पाहिजे. ड्रम थोडा डावा-उजवा फिरवत आत ढकलायचा, बसला की बोटाला कळतं. नाही बसला तर चेनला तेल जात नाही, आणि नवीन चेन, नवीन बार दोन्ही जळतात. मी तीनदा केलं तेव्हा बसला.

मग क्लच हाताने डावीकडे फिरवून आटे धरले, दोरीच्या आधाराने आवळला. दोरी काढली. तिची गाठ मला दाखवली आणि खिशात ठेवली. प्लग लावला. कव्हर लावायच्या आधी ब्रेकचा दांडा मागे ओढलेला आहे ना ते बघितलं, कारण ब्रेकचा पट्टा कव्हरमध्ये असतो आणि तो आवळलेला असला की कव्हर ड्रमवर चढतच नाही. पट्टाही उलटसुलट करून बघितला. थोडा चकाकत होता, पण चालेल म्हणाला. नवीन चेन घातली, ताण बघितला. बाराला चिकटून राहील पण हाताने सहज ओढता येईल एवढा.

अंगणात नेऊन सुरू केला. नुसता सुरू असताना चेन स्थिर. ब्रेक सोडला, रेस दिली, फिरली. बाराचं टोक त्याने वर्तमानपत्रावर धरलं, तेलाची बारीक रेघ उमटली. म्हणजे पंप चालू. थोडा वेळ अर्ध्या रेसवर चालवला, बंद केला, चेन थंड झाल्यावर पुन्हा ताणली. मग आंब्याच्या एका ओंडक्यात घातला. लोण्यासारखा गेला असं म्हणणार नाही, आंब्याचं लाकूड होतं. पण थांबला नाही.

जुम्म्यानंतर बैठक बसली. मी वही नेली आणि हा निळा ड्रमही नेला. उभा राहून सांगितलं. घशाला कोरड पडली होती, पंचवीस वर्षांच्या पोरांसमोर आणि ज्यांनी मला लहानपणी बघितलंय अशा म्हाताऱ्यांसमोर. ड्रम हातोहात फिरला. काही जण हसले, "मास्तरांनी रेस दिली!" एकजण म्हणाला, कशाला एवढं, होतं माणसाकडून. ज्या बुजुर्गांनी पहिल्या बैठकीत सगळ्यात कडक शब्द वापरले होते ते काही वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावलं, किल्ली स्वतःच्या हाताने दिली आणि म्हणाले, "बेटा, मी तुला बोललो, मला माफ कर." मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना एका वाक्याचीच माफी मागायची होती.

दीड महिन्याची त्याची कमाई गेली होती, आणि तीही लाकडांच्या मोसमातली. ती मी माझ्या पगारातून देतो म्हणालो. त्याने नाही म्हटलं. मग सदरसाहेबांनी मधला मार्ग काढला. कटरच्या खात्यावर त्याची जी निम्मी मजुरी जमा होते ती पुढचे दोन महिने त्यालाच मिळेल, आणि ड्रमचे, चेनचे पैसे मास्तर भरतील. मी भरले. वहीत माझ्या नावासमोर कारण लिहिलं, 'ब्रेक लावून रेस दिल्यामुळे'. माझ्याच अक्षरात आहे.

त्याने एक अट घातली. कटर ज्या खोलीत असतो तिथे नियम लिहून लावायचे. मी पुठ्ठ्यावर दोन्ही भाषांत लिहायला बसलो. मराठीत पहिला नियम लिहिला, "अवरोधक कार्यान्वित असताना यंत्राची गती वाढवू नये." त्याने वाचला, दोनदा वाचला. म्हणाला, "सर, हे कोणाला कळणार? असं लिहा ना, 'पुढचा दांडा मागे ओढल्याशिवाय रेस देऊ नका.'"

मी माझं वाक्य खोडलं आणि त्याचं लिहिलं. खाली दुसरा नियम, तोही त्याचाच, "दोन चेनींमागे एक चक्री बदला. पैसे वाचवू नका."

त्याला मराठीत २९ मार्क मीच दिले नव्हते, पेपर बोर्डाचा होता. पण त्या पेपरला जाईपर्यंतची वर्षं माझी होती. परवा तो आला तेव्हा मी विचारलं, फॉर्म भरून पुन्हा बसतोस का, मी शिकवतो. म्हणाला, विचार करतो. मग पायरीवर बसून कानस काढली आणि चेनला धार लावायला लागला. मला म्हणाला, "या सर, हे पण शिकून घ्या. एका दिशेनेच घासायचं, मागे ओढायचं नाही."

मी बसलो. निळा ड्रम अजून खिडकीत आहे.